योम मुकादमाची नवी करवत

ज्या करवतीनं इक्सूची दोन बोटं कापली, तीच करवत दुरुस्तीसाठी इक्सूच्या बायकोपुढं आणून ठेवायला माणसाची कातडी जाड असावी लागते. योम मुकादमाची होती. सोमवारी सकाळी मल्सुकनं दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर केलं होतं, तोच तो वाकून आत शिरला आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेलं धूड त्यानं तिच्या टेबलावर ठेवलं.

"वहिनी, एवढी बघून द्या. परवा जिन्याच्या पायऱ्या बसवायच्यात."

मल्सुकनं गोणी सोडली. फळ्या कापायची विजेची करवत, नवीकोरी, अजून कंपनीचा कागद चिकटलेला. पात्यावरच्या झाकणाला रक्त लागून वाळून काळं पडलं होतं. कुणी त्यावरून साधं फडकंही फिरवलं नव्हतं.

"हे पुसायचं पण माझ्यावरच ठेवलंत का?"

"घाईत राहिलं हो," मुकादम म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "अख्ख्या बुकसोंग गल्लीत तुमच्याइतकं झटपट काम कोण करतं, सांगा. दुसरीकडं टाकली तर आठवडा घालवतील."

हातातली गोणी त्याच्याच डोक्यात घालावी असं मल्सुकला वाटलं. घातली नाही, कारण तिच्या रागाचा मोठा हिस्सा त्या दिवशी मुकादमाच्या वाट्याचा नव्हताच. तो इक्सूच्या वाट्याचा होता.

इक्सू सुतार चांगला. पण चांगला सुतार आणि चांगला नवरा यांच्यामध्ये माक्गोल्ली यायची, ती तांदळाची पांढरी, आंबूस दारू. लेकीच्या लग्नात तो व्याह्यांच्या ताटावर झिंगून पडला, तेव्हा मल्सुकनं त्याला शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य ऐकवलं होतं. परत प्यायलात तर माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर तीन हिवाळे गेले. इक्सूनं थेंब घेतला नव्हता, किंवा निदान मल्सुक तसं धरून चालली होती.

आणि मग शुक्रवारी हॉस्पिटलमधून फोन आला. जुन्या सार्वजनिक न्हाणीघराचं कॉफीचं दुकान करायचं काम चालू होतं. योम मुकादमानं स्वतःच्या नावावर घेतलेलं ते पहिलं काम. तिथं करवत फळीत अडकून बंद पडली, इक्सूनं ती उलटी केली, झाकण मागं ओढून अडकलेली ढलपी काढायला बोटं घातली आणि करवत चालू झाली. डाव्या हाताचं एक बोट डॉक्टरांनी जोडलं. करंगळीत जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मल्सुक धावत गेली. रडत गेली, हे ती कुणाला सांगणार नाही, पण गेली. आणि नर्सनं कपड्यांची प्लास्टिकची पिशवी हातात दिली तेव्हा तिच्या नाकात तो वास शिरला. आंबूस, गोडसर. आयुष्यातली पंचवीस वर्षं तो वास तिनं उशांना, कोटांना, न्हाणीतल्या टॉवेलला हुंगला होता. तिचं रडणं तिथंच आटलं.

"प्यायलात?" तिनं खाटेजवळ जाऊन विचारलं.

"नाही." इक्सूची जीभ भुलीमुळं जड झाली होती.

"हा शर्ट नाकाला लावा."

"नाही प्यायलो, म्हणतोय ना. नाही प्यायलो."

बाहेर व्हरांड्यात योम मुकादम उभा होता. तिनं पिशवी त्याच्यापुढं धरली. त्यानं खाली बघत मान हलवली. "थोडी घेतली असेल, वहिनी. शुद्धीतला सुतार प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावेल का?"

हे मल्सुकला पटलं. प्लग, प्लग, प्लग, असं ती इक्सूच्या कानीकपाळी ओरडत आली होती, तेही संसार सुरू झाल्यापासून. मशीनचं काहीही बघायचं झालं तर आधी प्लग काढायचा. इक्सू हसून म्हणायचा, बाई, झोपेतसुद्धा काढीन. ती परत खाटेजवळ गेली आणि शेजारच्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथून सुटलात की तुमच्या ताईकडं जा. माझ्या दारात यायचं नाही." त्यानंतर ती हॉस्पिटलकडं फिरकली नव्हती.

म्हणूनच आज दुकानात तिनं ती करवत पुढ्यात ओढली. खरं सांगायचं तर तिला ती करवत धडधाकट निघायला हवी होती. मशीन ठणठणीत आहे आणि माणूस झिंगलेला होता, एवढं एकदा हाताला कळलं असतं की तिचा राग पक्क्या जमिनीवर उभा राहिला असता. शनिवार-रविवार एकटीनं घरात काढताना तो अधूनमधून डगमगत होता, आणि डगमगणारा राग बाळगणं फार जिकिरीचं असतं.

"काय होतंय हिला?"

"मधूनच बंद पडते. ठोकली की चालू होते."

"कधीपासून?"

"आणली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून."

"आणि तशीच वापरलीत?"

"नवी आहे. चालवून चालवून बसेल म्हटलं."

"बसेल? करवत आहे का चप्पल?"

किटलीतलं गरम पाणी कागदी कपात ओतून, तिच्याच डब्यातली कॉफीची पुडी फोडून मुकादम ढवळत बसला. त्याचं ते आरामात ढवळणं बघून मल्सुकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुरुस्तीचे प्रश्न विचारायचे ते विचारायचेच.

"वरून पडली कधी?"

"नाही."

"पावसात राहिली?"

"छे."

"पाणी वगैरे काही गेलं आत? ओलं फडकं, चहा, सूप?"

"थेंबसुद्धा नाही, वहिनी. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं गुंडाळून ठेवतो. माझ्या पहिल्या कामाची पहिली करवत आहे ती. पोरासारखी जपलीय."

तो खोटं बोलत नव्हता, हे मल्सुकला दिसत होतं. गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा ते मशीनकडं बघत नाही. हा टक लावून बघत होता.

तिनं आधी वायर तपासली, प्लगपासून मुठीपर्यंत, वाकवत, पिळत. वायर चांगली होती. मग मीटरच्या दोन सुया प्लगच्या दोन दांड्यांना लावून तिनं खटका दाबला. मीटर वाजायला लागला, म्हणजे आत वीज जायची वाट उघडी होती. खटका सोडला. खटका बाहेर आला, पण मीटर वाजतच राहिला. मल्सुकनं मान वर केली. थोड्या वेळानं मीटर आपोआप गप्प झाला.

तिनं पुन्हा दाबून सोडला. या वेळी मीटर लगेच थांबला. पुन्हा. या वेळी थांबेना. करवत टेबलावर जराशी आपटली तेव्हा कुठं थांबला.

"काय झालं?" मुकादमानं विचारलं.

"कॉफी प्या."

लग्नाआधी मल्सुक विजेच्या मोटारींच्या कारखान्यात तारा गुंडाळायची, आणि या गल्लीत तिनं असे खटके पोत्यानं बदलले होते. पण असे खटके जुन्या, सिमेंट खाल्लेल्या मशीनचे असतात. हा नवा होता. याचा अर्थ इक्सूनं खटक्यावरून बोट काढलं होतं आणि करवतीला ते कळलंच नव्हतं. मल्सुकला हे अजिबात आवडलं नाही. खटका अडकला तर अडकला, प्लग का नाही काढला, असं ती मनातल्या मनात इक्सूला म्हणाली, पण मघासारखा जोर त्यात नव्हता.

मग ती कार्बनकडं वळली. मोटारीच्या दोन्ही अंगांना कोळशाचे दोन छोटे ठोकळे असतात, स्प्रिंग त्यांना फिरत्या तांब्यावर दाबून धरते आणि तिथून वीज आत जाते. टोपणं उघडली की हे ठोकळे स्प्रिंगनं टुणकन बाहेर यायला हवेत. डावीकडचा आला. उजवीकडचा जागचा हलला नाही. तिनं स्प्रिंग धरून ओढली, मग पकडीनं ओढला, तेव्हा तो करकरत बाहेर निघाला. त्याच्या अंगाला पिवळट पांढरं काहीतरी थिजलं होतं, कपड्याला घालायच्या खळीसारखं.

आता सगळं सरळ होतं. ठोकळा खाचेत चिकटला की करवत बंद. धक्का बसला की ठोकळा सरकून तांब्याला टेकणार आणि करवत चालू. खटका सोडलेला असला तरी चालू, कारण खटकाही आतून चिकटलेला.

"बंद पडली की ठोकायची, हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? मीच दाखवलं सगळ्यांना. एक चापट मारली की सुरू."

"झाकण मागं ओढून, बोटं आत असताना इक्सूनं ती फळीवर आपटली असेल."

"असेल. मी तिकडं पाहत नव्हतो."

मल्सुकनं करवतीची पाठ उघडली. तेच पिवळट पांढरं हवेच्या फटींच्या आत ओघळून वाळलं होतं, खटक्याच्या डबीत होतं, तारांवर होतं. तिला वाटलं, सुतारांचा पांढरा डिंक असावा. तिनं नखानं एक खपली काढली, बाटलीच्या झाकणात टाकली आणि किटलीतलं गरम पाणी वर सोडलं. डिंक असता तर रबरासारखा मऊ पडला असता. ही खपली विरघळली, पाणी गढूळ झालं आणि वाफेबरोबर वास वर आला.

तोच वास. प्लास्टिकच्या पिशवीतला.

"मुकादम, यात माक्गोल्ली आहे."

योम मुकादम स्टुलावरून उठला आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. "बघा. मी काय म्हणत होतो? पिता पिता सांडली असणार त्यानं. माझ्या नव्या करवतीवर. बोटं गेली म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर नवीन करवतीचे पैसे मागायला हवेत."

एक क्षण मल्सुकलाही तेच वाटलं. दुष्टपणे बरंही वाटलं. तिनं रागारागानं दुसरी खपली जरा खोलवर खरवडली, आणि मग ती थांबली. भिंग डोळ्याला लावून तिनं दिवा खाली ओढला.

भुसा सगळा खपलीच्या वर होता. थरावर थर, पाइनचा पिवळा भुसा. खपलीच्या खाली प्लास्टिक चकचकीत होतं आणि कारखान्यात लावलेलं ग्रीस जसंच्या तसं होतं. खाली भुशाचा एक कण नव्हता.

"या करवतीनं पहिली फळी कापली, त्याच्या आधी हे आत गेलंय," ती म्हणाली. "आणि घोट-दोन घोट नाही. अख्खा वाडगा गेलाय, वरून. पहिल्या फळीच्या आधी ही कुठं होती?"

"कुठं असणार? खोक्यात."

"खोक्यातून काढल्यावर?"

"पूजेला." मुकादमाचा आवाज अजून मोकळाच होता. "काम सुरू करायचं म्हटल्यावर पूजा नको? रिवाजाप्रमाणं डुकराचं मुंडकं मांडलं, समोर सगळी नवी हत्यारं ठेवली. सगळे पाया पडले."

"आणि माक्गोल्ली?"

"ती तर हवीच. चारी कोपऱ्यांत शिंपडली. हत्यारांवर पण."

"हिच्यावर शिंपडली का ओतली?"

मुकादम तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात आत्ता कुठं काहीतरी हलायला लागलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं, आत काही ओलं गेलं का. पाणी, चहा, सूप, सगळं विचारलं. थेंबसुद्धा नाही म्हणालात."

"अहो, ते काय सांडणं झालं का? ते देवाला दिलेलं. काम बिनघोर व्हावं, कुणाला इजा होऊ नये म्हणूनच तर ओततात." बोलता बोलता त्याची नजर झाकणावरच्या रक्तावर गेली.

"किती ओतलीत?"

"एक वाडगा."

"इतर हत्यारांवर चार थेंब आणि हिच्यावर वाडगा? का?"

मुकादमानं कागदी कप चुरगळला. "इक्सूचा होता. पूजेनंतर सगळ्यांना एकेक वाडगा दिला. ते कुणी नाकारत नाही, वहिनी, तुम्हाला माहीत आहे. हा म्हणाला, मी सोडलीय. सगळ्यांसमोर. वर सोड्याची बाटली पुढं केली. मला किती लागलं ते. माझं पहिलं काम, आणि माझ्या हातचा वाडगा परत. मग मी म्हटलं, ठीक आहे, तू नाही तर तुझी करवत पिईल. आणि ओतला. सगळे हसले. तो पण हसला."

मल्सुकनं हातातलं भिंग टेबलावर आपटलं.

"सगळ्यांसमोर नाही म्हणाला," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं, तो पूजेचा वाडगासुद्धा घेत नाही. आणि व्हरांड्यात माझ्या तोंडावर सांगितलंत, थोडी घेतली असेल."

"शर्टाला वास येत होता ना. मी कुठं आधी म्हणालो? तुम्हीच पिशवी पुढं केलीत आणि विचारलंत, मुकादम, वास येतोय का हो. येत होता. मग मला वाटलं..."

"तुम्हाला सोयीचं वाटलं."

पण त्याचं ते म्हणणं खरं होतं. पिशवी तिनंच पुढं केली होती. करवतीतला पंखा आतली गरम हवा फटींतून बाहेर फेकतो, ती थेट सुताराच्या छातीवर आणि बाहीवर येते. आठवडाभर इक्सू त्या हवेत उभा राहून फळ्या कापत होता. ज्या दारूला तो नाही म्हणाला होता, तीच दारू करवत त्याच्या शर्टावर फुंकत होती, आणि मोटारींत जन्म घालवलेल्या त्याच्या बायकोनं तो शर्ट हुंगून निकाल दिला होता.

"फोन काढा," ती मुकादमाला म्हणाली. "कामावर लावा. स्पीकरवर. सगळ्यांना जवळ बोलवायला सांगा."

"वहिनी, मी संध्याकाळी जाऊन सांगतो की."

"आत्ता. नाहीतर ही करवत अशीच उघडी ठेवून गल्लीतल्या एकेकाला बोलावून दाखवते."

मुकादमानं फोन लावला. न्हाणीघरात कुठंतरी हातोडे वाजत होते, ते थांबले. "इक्सू प्यायला नव्हता," तो पुटपुटला. "करवतीत दारू मी ओतली होती. त्यानं ती बिघडली."

"मोठ्यानं," मल्सुक म्हणाली.

त्यानं मोठ्यानं सांगितलं. पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "आम्हाला माहीत होतं तो प्यायला नव्हता. आम्हाला कुणी विचारलंच नाही." हे मुकादमाला उद्देशून होतं, पण ऐकताना मल्सुकची मान खाली गेली.

मग तिनं करवत दुरुस्त केली. दुरुस्त करायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण परवा ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होती आणि त्यालाही दहा बोटं होती. खाचा गरम पाण्यानं आणि ब्रशनं धुतल्या, वाऱ्याच्या नळीनं कोरड्या केल्या, नवे कार्बन बसवले, खटक्याची डबी बदलली, ग्रीस पुसून पुन्हा भरलं. तोंडानं ती सबंध वेळ मुकादमाचा उद्धार करत होती आणि तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तिनं ओल्या फडक्यानं झाकणावरचं रक्त पुसलं. ते पटकन निघेना.

"किती झाले?" मुकादमानं विचारलं.

"निघा इथून."

दुपारी मल्सुकनं बाजारातून हाडं आणून सूप उकळत ठेवलं आणि चार वाजता डबा घेऊन ती हॉस्पिटलात गेली. बसमध्ये ती मनात वाक्यं जुळवत होती. मुकादमाला कसं पकडलं, फोनवर कसं वदवलं, सगळं सांगायचं होतं. इक्सू हसेल असं तिला वाटत होतं. मुकादमाच्या फजितीला तो नेहमी हसायचा.

सहा खाटांच्या त्या खोलीत बेसबॉलची मॅच लागली होती. इक्सूनं तिच्याकडं पाहिलं आणि परत टीव्हीकडं पाहिलं. त्याचा डावा हात पांढऱ्या गाठोड्याएवढा झाला होता.

मल्सुकनं सगळं एका दमात सांगितलं. पूजा, वाडगा, खपली, भुसा, पंखा. मुकादमाची नक्कलही करून दाखवली. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. इक्सू ऐकत होता.

"झालं?" तिचं संपल्यावर त्यानं विचारलं.

"झालं. आता कुणी म्हणणार नाही तुम्ही प्यायला होतात म्हणून."

"प्लग मी काढला नाही. ती माझी चूक. मुकादम डोक्यावर उभा राहून हाकत होता, म्हणून राहिला. पण चूक माझी."

"ते राहू द्या आता. घरी चला. ताईकडं जा, असं मी म्हणाले होते ते..."

"मी शुक्रवारी तुला काय सांगितलं होतं?"

"प्यायला नाहीत म्हणून."

"किती वेळा सांगितलं?"

मल्सुक डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

"बोटं तुटली होती, भूल उतरली नव्हती, आणि मी तेवढंच सांगत होतो," इक्सू म्हणाला. त्यानं आवाज चढवला नव्हता, पण शेजारच्या माणसानं टीव्हीचा आवाज कमी केला. "तीन वर्षं सगळ्या मुकादमांच्या, सगळ्या सुतारांच्या थट्टा ऐकल्या. पूजेचा वाडगा परत केला. तुला त्यातलं काही दिसलं नाही. तू शर्ट हुंगलास. आज करवतीनं सांगितलं, तेव्हा कुठं तुला पटलं."

"वास येत होता हो. मी काय करणार होते?"

"मला विचारलंस, मी सांगितलं. तेवढ्यावर थांबायचं होतं." "एक सांग. समजा करवतीत काही सापडलं नसतं. नुसतं पातं बोथट झालंय, एवढंच निघालं असतं. तर?"

खोटं बोलायला वाव होता. उद्या येणारच होते, राग उतरला होता, असं काहीही चाललं असतं, आणि खोली ऐकत असल्यामुळं त्यानं कदाचित ते चालवूनही घेतलं असतं. पण मल्सुकला त्याच्याशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं.

"तर आले नसते," ती म्हणाली.

इक्सूनं मान हलवली. उजव्या हातानं त्यानं सूपचा डबा उचलला, झाकण घट्ट आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.

"मग हेही घेऊन जा," तो म्हणाला.